टर्बो किट घेताय? आधी टर्बो शोधणाऱ्या आल्फ्रेड ब्यूखीची २० वर्षं बघा

दौंड जंक्शनवर ज्यांनी डिझेल इंजिनांचा जमाना पाहिलाय, त्यांना हा सीन वेगळा सांगायची गरज नाही. सिग्नल पडला, ड्रायव्हरनं इंजिनाला जोर दिला की आधी छतातून काळ्याकुट्ट धुराचा लोट निघायचा. फलाटावरची माणसं नाकाला रुमाल लावायची, पोरं मात्र बघत उभी राहायची. मग काही सेकंदांत शिट्टीसारखा एक बारीक आवाज चढत जायचा, धूर विरळ व्हायचा आणि गाडी हलायची.

लहानपणी वाटायचं, इंजिन म्हातारं झालंय म्हणून धूर टाकतंय.

विषय वेगळाच होता. तो धूर आणि ती शिट्टी यांच्यामध्ये जे काही सेकंद जायचे, त्याला म्हणतात टर्बो लॅग. ड्रायव्हरनं जोर दिला की डिझेल लगेच सिलिंडरमध्ये पोचायचं, पण हवा मागून यायची. हवा कमी पडली की डिझेल अर्धवट जळतं आणि काळा धूर होतो. टर्बोचा पंखा वेगात आला की हवा पुरते, धूर जातो आणि खरी ताकद तिथून सुरू होते.

ही टर्बोची भानगड ज्यानं सुरू केली तो गडी स्वित्झर्लंडचा. नाव आल्फ्रेड ब्यूखी. ऑटोमोबाईल शिकणाऱ्या पोरांना हे नाव पाठ असतं. आपल्याला टर्बो माहिती असतो, त्याचा बाप माहिती नसतो.

आता आज या ब्यूखीची आठवण का निघाली, तर त्याचं कारण दौंड नाही, शिरूर आहे.

माझा मावसभाऊ शिरूरला राहतो. रांजणगाव एमआयडीसीत शिफ्टला जातो, सासरवाडी केडगावची. त्याच्याकडे सेकंड हँड घेतलेली साधी १.२ लिटरची पेट्रोल गाडी आहे. शिरूरहून न्हावरामार्गे चौफुल्याकडं जाणारा रस्ता ज्यांना माहितीये त्यांना त्याचं दुखणं कळेल. कारखाने सुरू झाले की दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर पुढं असतात. ओव्हरटेक करायला जावं तर गाडीला पिकअप नाही. मागं बायको आणि लहान पोरगं बसलेलं, समोरून एसटी येतेय आणि गाडी जागची हलत नाही.

तर या पठ्ठ्यानं साठवलेल्या ६० हजारांत टर्बो किट बसवायचं ठरवलं. इंटरनेटवर एक किट बघितलं, लिंक मला पाठवली आणि विचारलं, घेऊ का?

मला गाड्यांमधलं फार कळतं अशातला भाग नाही. म्हणून मी वाचायला बसलो आणि वाचता वाचता ब्यूखीच्या आयुष्यात शिरलो. तिथं उत्तर सापडलं. जरा लांबचं आहे, पण रस्ता तोच आहे.

११ जुलै १८७९. स्वित्झर्लंडमधल्या विंटरथुर गावात आल्फ्रेडचा जन्म झाला. विंटरथुर म्हणजे कारखान्यांचं गाव आणि त्यातला मोठा कारखाना म्हणजे सुल्झर. आल्फ्रेडचे वडील तिथंच मोठ्या हुद्द्यावर होते. म्हणजे घरात इंजिनांच्या गप्पा. गंमत बघा, ज्या वर्षी आल्फ्रेड जन्मला त्याच वर्षी सुल्झरच्या वर्कशॉपमध्ये एक विशीतला जर्मन पोरगा काम शिकायला आला होता. त्याचं नाव रुडॉल्फ डिझेल. होय, तोच डिझेल. पुढं १८९३ मध्ये सुल्झरनं त्याच्याशी त्याच्या इंजिनासाठी करारही केला.

सुल्झर हे नाव आपल्याकडंही अनोळखी नाही. पुणे-नगर रोडला, शिरूर तालुक्यातच कोंढापुरीला याच कंपनीचा कारखाना आहे. तिथलं काम इंजिनांचं नाही, केमिकल कारखान्यांच्या यंत्रणांचं आहे. पण रोज त्या रस्त्यानं रांजणगावला जाणाऱ्या माझ्या मावसभावाला हे सांगितल्यावर त्याला ब्यूखी एकदम जवळचा वाटायला लागला.

असो. आल्फ्रेडनं १८९९ ला झुरिकच्या पॉलिटेक्निकमध्ये मेकॅनिकलला ॲडमिशन घेतली, १९०३ ला डिग्री घेतली. मग बेल्जियम आणि इंग्लंडला नोकऱ्या केल्या. याच काळात त्याच्या डोक्यात एक किडा शिरला.

इंजिनात तुम्ही जे तेल जाळता, त्यातल्या ऊर्जेपैकी मोटामोटी एक तृतीयांश चाकापर्यंत किंवा शाफ्टपर्यंत पोचते. उरलेली जाते कुठं? काही पाण्यानं इंजिन थंड करण्यात जाते, काही घासण्यात जाते आणि मोठा वाटा सायलेन्सरमधून गरम धूर होऊन बाहेर पडतो. म्हणजे १०० रुपयांचं तेल टाकलं तर साठ-सत्तर रुपये हवेत. एक्झॉस्टमधून बाहेर पडणाऱ्या त्या गरम, दाबानं येणाऱ्या धुराला परत कामाला लावता येईल का, हा ब्यूखीचा प्रश्न होता.

त्याचं उत्तर ऐकायला एकदम सोपं आहे. धुराच्या वाटेत एक पंखा ठेवायचा. धूर त्याला फिरवणार. त्याच पंख्याच्या दांड्याला दुसऱ्या टोकाला दुसरा पंखा जोडायचा. तो बाहेरची हवा दाबून सिलिंडरमध्ये कोंबणार. जास्त हवा आली म्हणजे जास्त तेल नीट जाळता येणार, म्हणजे तेवढ्याच इंजिनातून जास्त ताकद.

१६ नोव्हेंबर १९०५ ला ब्यूखीला या कल्पनेचं जर्मन पेटंट मिळालं. नंबर २०४६३०. तेव्हा त्याचं वय होतं २६.

इथपर्यंतची गोष्ट सगळीकडं सांगितली जाते आणि इथंच थांबते. हुशार पोरगा, भारी आयडिया, पेटंट, विषय संपला. किट विकणारेही साधारण एवढंच सांगतात. धूर फुकट आहे, पंखा बसवा, ताकद मिळवा.

पण १९०५ नंतर पुढची २० वर्षं ब्यूखीला त्यातून धड एक पैशाचं यश मिळालं नाही. खरी गोष्ट त्या २० वर्षांची आहे.

तो सुल्झरमध्ये परत आला, संशोधनाच्या कामाला लागला. १९११ मध्ये टर्बोच्या प्रयोगांसाठी तिथं स्वतंत्र यंत्रणा उभी राहिली. १९१५ मध्ये टर्बो लावलेलं प्रायोगिक डिझेल इंजिन त्यानं चालवून दाखवलं. चाललं, पण टिकेना. कारखान्यात रोज तयार करून विकावं असं ते नव्हतंच.

अडचण काय होती? पंखा तर फिरत होता.

पहिली अडचण धातूची. एक्झॉस्टमधला धूर म्हणजे भट्टी. डिझेलपेक्षा पेट्रोल इंजिनात तर ती आणखी तापते, हजार अंशाच्या आसपास जाते. त्या भट्टीत तो पंखा नुसता टिकायचा नाही, भन्नाट वेगानं फिरायचा. आजच्या छोट्या कारमधला टर्बो मिनिटाला दोन लाख फेऱ्यांपर्यंत जातो. तुमचं इंजिन सिग्नलला उभं असताना मिनिटाला साधारण आठशे-नऊशे फेऱ्या मारत असतं, त्याच्याशी ताडून बघा. १९१५ साली असा धातू आणि असं बेअरिंग कुठून आणणार?

दुसरी अडचण मात्र जास्त खोल होती आणि ब्यूखीची खरी हुशारी तिथं दिसते. त्याच्या लक्षात आलं की टर्बो हा इंजिनाला बाहेरून जोडायचा पार्ट नाहीच. पंखा धुराच्या वाटेत आला की धुराला अडथळा होतो. अडथळा झाला की सिलिंडरमधला जळका वायू पूर्ण बाहेर पडत नाही. तो आत राहिला की नवी हवा येऊन उपयोग काय? एका हातानं दिलं आणि दुसऱ्या हातानं काढून घेतलं, असा प्रकार.

या दरम्यान बाकीचे लोक गप्प बसले नव्हते. पहिलं महायुद्ध सुरू होतं आणि विमानांना वर गेल्यावर हवा कमी पडायची. फ्रान्समध्ये ऑग्युस्त रातो आणि अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकचा सॅनफर्ड मॉस हे दोघं विमानाच्या इंजिनांना टर्बो लावत होते. मॉसनं १९१८ मध्ये एक लिबर्टी इंजिन कोलोरॅडोतल्या पाइक्स पीक शिखरावर नेलं. उंची सुमारे ४३०० मीटर. आपलं कळसूबाई १६४६ मीटर, म्हणजे अडीच पटीहून जास्त. खाली साडेतीनशे हॉर्सपॉवर देणारं इंजिन वर विरळ हवेत २३० वर आलं होतं. टर्बो लावल्यावर त्यानं ३५६ दिले.

टाळ्या मॉसला मिळाल्या. ब्यूखी सुल्झरमध्ये त्याच कोड्यावर बसलेला होता.

१९२५ मध्ये ते कोडं सुटलं. ब्यूखीनं पंखा बदलण्यापेक्षा धुराची वाट बदलली. सिलिंडरमधून धूर सलग येत नाही, धक्क्याधक्क्यानं येतो. एका सिलिंडरचा धक्का दुसऱ्याच्या आड येऊ नये म्हणून त्यानं सिलिंडरांचे गट पाडून एक्झॉस्टचे पाइप वेगळे काढले, ते टर्बोपर्यंत वेगवेगळे नेले. शिवाय आत येणारा आणि बाहेर जाणारा व्हॉल्व्ह थोडा वेळ एकत्र उघडा ठेवला, म्हणजे ताजी हवा शिरताना जळका वायू झाडून बाहेर काढेल. घरात केर काढताना समोरासमोरची दोन्ही दारं उघडतो ना, तसंच. याचं स्विस पेटंट त्यानं सुल्झरच्या नव्हे, स्वतःच्या नावावर घेतलं. आज महागड्या गाड्यांच्या जाहिरातीत ट्विन स्क्रोल टर्बो असं लिहिलेलं दिसतं, त्याची मुळी इथली.

त्या साली टर्बो लावलेल्या डिझेल इंजिनातून ४० टक्क्यांहून जास्त फायदा मिळाला.

मग पटापट गोष्टी घडल्या. बाडेन गावच्या ब्राऊन बोव्हेरी कंपनीनं १९२४ मध्येच मोठ्या इंजिनासाठी पहिला टर्बो बनवून दिला होता. जर्मनीत प्रॉयसेन आणि हान्सेश्टाट डान्त्सिग अशी दोन प्रवासी जहाजं बांधली जात होती. त्यांच्या दहा सिलिंडरच्या डिझेल इंजिनांना ब्यूखीच्या देखरेखीखाली टर्बो बसले. १७५० हॉर्सपॉवरचं इंजिन २५०० वर गेलं. १९२६ मध्ये ब्यूखीनं सुल्झर सोडलं. वडिलांची कंपनी, स्वतःची अर्धी हयात तिथं गेलेली. ब्राऊन बोव्हेरी आणि विंटरथुरचाच रेल्वे इंजिनांचा कारखाना एसएलएम यांच्यासोबत त्यानं ब्यूखी सिंडिकेट काढलं. टर्बो बनवणार ब्राऊन बोव्हेरी, चाचणीला इंजिनं देणार एसएलएम आणि कुठल्या इंजिनाला कुठला टर्बो, कसे पाइप, कसे व्हॉल्व्ह, हे जमवून देणार ब्यूखी.

मला यातली शेवटची ओळ फार महत्त्वाची वाटते. टर्बोचा शोध लावणारा माणूस टर्बो विकत नव्हता. तो जुळणी विकत होता. लग्नात पत्रिका जुळवतात तसं, फक्त इथं न जुळल्यास पिस्टनला भोक पडतं.

ही जुळणी फिरत फिरत दौंडच्या फलाटापर्यंत कशी आली तेही बघा. अमेरिकेतल्या अल्को या रेल्वे इंजिन कंपनीनं ब्यूखीची पद्धत घेतली. त्यांचं सहा सिलिंडरचं इंजिन ६०० हॉर्सपॉवरचं होतं, १९३७ मध्ये टर्बो लावून ते ९०० चं झालं. याच अल्कोनं पुढं भारताला डब्ल्यूडीएम-२ इंजिनं दिली. १९६२ मध्ये पहिली आली आणि १९६४ पासून वाराणसीच्या कारखान्यात बनायला लागली. सोळा सिलिंडर, टर्बोसकट २६०० हॉर्सपॉवर. त्याची सुधारित आवृत्ती डब्ल्यूडीएम-३ए, ३१०० हॉर्सपॉवर. पुण्याच्या घोरपडी शेडची ही इंजिनं दौंडवरून किती वर्षं धावली. ब्राऊन बोव्हेरी कंपनी १९८८ मध्ये स्वीडनच्या एसियाशी एकत्र होऊन एबीबी झाली आणि एबीबीचे टर्बोही आपल्या रेल्वेच्या या इंजिनांवर बसले. म्हणजे दौंडला ऐकू यायची ती शिट्टी ब्यूखीच्याच घराण्यातली.

ट्रकमध्ये टर्बो आला १९३८ ला, स्विस कंपनी सौररनं आणला. कारमध्ये यायला मात्र वेळ लागला. ब्यूखी २७ ऑक्टोबर १९५९ ला विंटरथुरमध्येच वारला. वय ८०. दुकानात जाऊन विकत घेता येईल अशी टर्बोवाली कार त्यानं पाहिली नाही. ती आली त्यानंतर तीन वर्षांनी.

आणि ती आली ती चूक घेऊनच आली. किट घेणाऱ्यांनी ही गोष्ट खास वाचावी.

१९६२ मध्ये अमेरिकेत जनरल मोटर्सनं ओल्ड्समोबाइल जेटफायर काढली. साडेतीन लिटरचं व्ही-८ पेट्रोल इंजिन, टर्बो आणि २१५ हॉर्सपॉवर. कागदावर नाद खुळा. पण त्यांनी इंजिनाचं कॉम्प्रेशन १०.२५ इतकं चढं ठेवलं होतं. म्हणजे पिस्टन वर येताना हवा-पेट्रोलचं मिश्रण दहापटीहून जास्त दाबतो. त्यात टर्बो आधीच दाबलेली हवा आत ढकलणार. दाब वाढला की उष्णता वाढते आणि स्पार्क पडायच्या आधी किंवा भलत्याच जागी पेट्रोल पेटतं. आपल्याकडं मेकॅनिक याला नॉकिंग म्हणतात. खडखड आवाज येतो आणि जास्त चाललं तर पिस्टन जातो.

जीएमच्या इंजिनिअरांना हे माहिती होतं. त्यांनी उपाय काढला. मेथेनॉल आणि शुद्ध पाण्याची वेगळी टाकी दिली. टर्बो चालू झाला की ते मिश्रण फवारलं जाणार आणि आतली उष्णता कमी करणार. लोकांनी काय केलं? टाकी भरलीच नाही. मिश्रण संपलं की सुरक्षेसाठी टर्बोचा दाब कमी व्हायचा आणि मालक बोंब मारायचे की गाडीला ताकद नाही. दोन वर्षांत जेमतेम साडेनऊ हजारांच्या आसपास गाड्या बनल्या आणि मॉडेल बंद. पुढं तर कंपनीनंच मालकांना टर्बो काढून साधा कार्ब्युरेटर बसवून द्यायची तयारी दाखवली.

आता मावसभावाच्या गाडीकडं या. हल्लीच्या बिनटर्बोच्या छोट्या पेट्रोल इंजिनांचं कॉम्प्रेशन १० ते ११ च्या घरात असतं. चांगला ॲव्हरेज मिळावा म्हणून कंपनीनं मुद्दाम ठेवलेलं. म्हणजे ६० हजारांत तो जे करायला निघाला होता ती जेटफायरच होती. फरक एवढाच की जीएमकडं इंजिनिअरांची फौज होती आणि याच्याकडं एक यूट्यूब चॅनल.

मग बजेटमध्ये टर्बो बसतच नाही का? बसतो. लोक बसवतात. पण स्वस्त किटच्या खोक्यात जे दिसतं आणि पूर्ण कामाला जे लागतं त्यात फरक आहे. खोक्यात टर्बो, मॅनिफोल्ड, पाइप आणि फार तर एक इंटरकूलर. मेच्या महिन्यात आपल्याकडं पारा चाळिशी ओलांडतो. त्यात दाबल्यामुळं आणखी तापलेली हवा थंड करूनच आत सोडायला हवी, म्हणून इंटरकूलरवर पैसे वाचवू नयेत. जादा हवा आली तर जादा पेट्रोल लागणार, म्हणजे इंजेक्टर आणि पंप तपासावे लागणार. ते पेट्रोल किती आणि स्पार्क कधी हे ईसीयू ठरवतो, तर तो नव्यानं ट्यून करावा लागणार. हे ट्यूनिंग म्हणजेच ब्यूखीची जुळणी आणि किट घेणारे नेमकं यालाच पैसे शिल्लक ठेवत नाहीत. शिवाय क्लच घसरणार. आणि गाडी जास्त पळणार असेल तर ती थांबवायची कशानं? ब्रेक जुनेच?

माझ्या मते हातात मर्यादित पैसा असेल तर तो उलट्या क्रमानं खर्च करावा. आधी इंजिनाची तब्येत, मग ट्यूनिंग, मग तेल आणि थंडाव्याची व्यवस्था. टर्बो सगळ्यात शेवटी. दाबही कमीच ठेवावा, ०.३-०.४ बारच्या आसपास. चढ्या कॉम्प्रेशनच्या इंजिनाला त्याहून जास्त देणं म्हणजे पिस्टनशी जुगार.

जुन्या पार्टच्या बाजारात डिझेल गाडीचा टर्बो स्वस्तात मिळतो, तो लावू का, हाही प्रश्न मावसभावानं विचारलाच. डिझेलचा धूर पेट्रोलपेक्षा थंड. डिझेलसाठी बनवलेलं टर्बोचं लोखंड पेट्रोलच्या आगीत तडकू शकतं. काही डिझेल टर्बोंत आत हलणाऱ्या पात्या असतात, त्या जास्त उष्णतेत अडकतात. वापरलेला टर्बो घ्यायचाच तर दांडा हातानं हलवून बघावा. जरासा खेळ चालतो, कारण तो दांडा तेलाच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. पण पंखा बाजूच्या भिंतीला घासत असेल तर फुकट दिला तरी नको. आणि तेल टर्बोतून परत जायची नळी उताराची हवी. ते तेल आपल्या वजनानं खाली पडतं, त्याला कुणी ओढत नाही. नळी चुकली की तेल साचतं आणि गाडी निळा धूर सोडत फिरते.

साइजचंही तसंच. मोठा टर्बो फोटोत भारी दिसतो, पण तो जागा होतो उशिरा. न्हावरा रोडला उसाच्या ट्रॉलीमागं तुम्ही तिसऱ्या गिअरमध्ये २००० आरपीएमला असता. तिथं जोर हवा. मोठा टर्बो ४००० ला जागा झाला तर तेव्हा समोरची एसटी दारात आलेली असते. दौंडच्या इंजिनाचा लॅग रुळावर चालून जातो, दोन लेनच्या रस्त्यावर नाही. छोटा टर्बो लवकर दम देतो, वरच्या स्पीडला गुदमरतो. गुदमरू दे. त्या रस्त्यावर वरचा स्पीड कुणाला पाहिजे?

कायद्याचंही थोडं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीनं दिलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या तपशिलापेक्षा गाडी वेगळी करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर असा बदल करणाऱ्या मालकाला दर बदलामागं ५ हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. अपघात झाला तर विमा कंपनी पहिला प्रश्न यावरूनच काढणार.

यात सगळ्यात भारी योगायोग मावसभावाच्या रोजच्या वाटेवर उभा आहे. रांजणगावच्या फियाटच्या कारखान्यात १.३ लिटरचं मल्टिजेट डिझेल इंजिन बनायचं. फियाटच्या पुंटो, लिनिया आणि टाटाच्या व्हिस्टा, मांझा या गाड्यांना ते होतं. १२४८ सीसीचं एवढंसं इंजिन. साध्या टर्बोवर ७५ हॉर्सपॉवरच्या आसपास आणि हलत्या पात्यांच्या टर्बोवर ९० च्या आसपास. इंजिन तेच घराणं, टर्बो बदलला, त्याबरोबर जुळणी बदलली आणि आकडा बदलला. आता तिथंच टाटा नेक्सॉन बनते, तिची पेट्रोल आणि डिझेल दोन्ही इंजिनं टर्बोवाली. पिस्टन, डोकं, तेलाच्या वाटा, सगळं टर्बो धरूनच आखलेलं. आहे ती गाडी विकून, ते ६० हजार वर टाकून कंपनीच्या टर्बोवाली जुनी गाडी घ्यावी, हा हिशोब मी त्याला मांडून दाखवला. सर्व्हिसचं रेकॉर्ड नीट असलेली मिळाली तर किटपेक्षा तो सौदा मला बरा वाटतो.

त्याला पटलं की नाही माहिती नाही, कारण आपल्या गाडीवर जीव असतो माणसाचा. पण ब्यूखीची २० वर्षं ऐकून तो एक गोष्ट करायला तयार झाला. परवा त्यानं गाडी गॅरेजला नेऊन चारही सिलिंडरची कॉम्प्रेशन टेस्ट करून घेतली. तिसरा सिलिंडर बाकीच्या तिघांपेक्षा बराच खाली निघाला. म्हणजे पिकअप नव्हता त्याचं अर्धं कारण तिथंच होतं आणि त्यावर टर्बो बसला असता तर पहिला बळी तोच गेला असता.

सध्या इंजिन खोललेलं आहे, रिंगा बदलायचं चाललंय. मावसभाऊ कंपनीच्या बसनं रांजणगावला जातोय. काल रात्री किटवाल्याचा मेसेज आला, ऑफर रविवारपर्यंतच आहे म्हणून. तो त्यानं मला फॉरवर्ड केलाय.